शब्दकोशातली हलगी

"उभी राहा," सर म्हणाले. "परिया म्हणजे काय?"

एम.ए. इंग्रजीचा वर्ग. मला अर्थ माहीत नव्हता.

"ज्याला कुणी जवळ येऊ देत नाही, तो परिया. तुमच्यात हलगीवाले असतात ना? तसे." सगळा वर्ग हसला. माझे वडील पाचोडला हलगी वाजवतात, हे सरांना ठाऊक होतं. मी मान खाली घालून बसले.

लायब्ररीत जाऊन जाडजूड शब्दकोश उघडला. परिया हे मुळात तमिळ मुलखातल्या एका जातीचं नाव. परै नावाचं वाद्य वाजवणारी माणसं. म्हणजे आपली हलगीच की! गोऱ्या साहेबानं ते नाव उचललं. आधी त्या जातीला वापरलं, मग कुठल्याही हाकललेल्या माणसाला. पुढं बेवारस कुत्र्यालाही तेच नाव. पण एकट्या साहेबाला काय दोष देऊ? या माणसांना शिवायचं नसतं, हे त्याला आपल्याच लोकांनी दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात मी हे सगळं बोलून दाखवलं. सर खूश झाले. "वा! मग स्नेहसंमेलनाला वडिलांना बोलव. पाहुण्यांचं स्वागत हलगीनं करू."

मला वाटलं, मी जिंकले.

आबा पाचोडहून एसटीनं आले. धुतलेलं धोतर, नवा पटका. गेटपाशी काटक्या पेटवून हलगी शेकली, कातडं ताणून घेतलं. मी त्यांना तो शब्द सांगितला. "त्ये बी वाजवणारेच व्हय?" म्हणाले. "मंग लई लांबचे सोयरे निघाले की आपले."

काय वाजवली त्यांनी! पाहुणे नाचायचेच बाकी होते. मिरवणूक हॉलच्या दाराशी पोचली आणि सरांनी हात वर केला. हलगी थांबली. पाहुणे आत गेले. सर आबांना म्हणाले, "तुम्ही बाहेरच बसा. ताट इथंच पाठवतो." मग मला, "तू चल आत. सूत्रसंचालन तुझं आहे."

आबा बसलेसुद्धा. पायरीच्या खाली. पायरीखाली बसा असं कुणी म्हणालं नव्हतं. मला तेच जास्त लागलं.

"आबा आत येणार असतील तर येते," मी म्हणाले.

"अगं, पद्धत असते," सर म्हणाले. "हलगी दारापर्यंतच."

"मग मीही दारापर्यंतच."

चिडले ते आबाच. "येडी झाली का? जाय आत! शिकवलं कशापायी तुला?"

मी गेले नाही. आत दुसरीच मुलगी माइकवर बोलत होती. आबांनी ताटाला हात लावला नाही. एसटीत चढताना एवढंच म्हणाले, "तुझ्यापायी आलतो म्या. आन तूच नाक कापलं."

पदवीचा समारंभ त्याच हॉलमध्ये झाला. माझं नाव पुकारलं म्हणे. मी गेलेच नव्हते. आबा आजही दारापर्यंत वाजवतात आणि दारापर्यंतच वाजवायचं असतं, असं मानतात. जगाचं सोडा, मला माझ्या बापालाही पटवता आलेलं नाही. कधी पटेल असं वाटतही नाही. पण ज्या दारात माझ्या बापाची हलगी थांबवतात, त्या दारातून मी आत जाणार नाही. कुणी कितीही मानानं बोलावलं तरी.