दिग्गीतला गोळ्यांचा वाटा

आत्या चक्कर येऊन अंगणात पडली, असा फोन आला आणि मी नवऱ्याला म्हटलं, "बास झालं. आता तिला बेळगावला आणायचीच." ऐंशीला टेकलेली बाई, जोयड्याच्या जंगलात, दिग्गीला, एकटी! त्यानं लगेच आतली खोली रिकामी करून नवी खाट टाकली. मी निघाले.

जाणार असाल तर पहाटेची बस गाठा. रामनगरला गरम इडली-वडा पोटभर खाऊन घ्या, पुढे खायचे वांधे. मग जीपगाडी. भरल्याशिवाय हलत नाही, माझे शंभर रुपये गेले. बाजारकुणंग मागे पडलं की रस्ता नावालाच उरतो, पण झाडी! वर बघून बघून मान दुखली. माझ्यासारखी बडबडी बाई तासभर गप्प बसली, यातच काय ते समजा.

आत्या दारात कंद सोलत होती. "आलीस? आधी भाकरी खा." खाऊन मी तिची पिशवी भरायला घेतली, तर महिन्याच्या बीपीच्या गोळ्या आठवड्यातच संपत आलेल्या.

"उरलेल्या कुठं गेल्या?"

"वाटल्या."

"काय?"

"जीप बंद व्हती. गावातल्या चौघा म्हाताऱ्यांच्या गोळ्या सरल्या. त्यास्नी न्हाईत आणि मी एकटीच गिळू व्हय?" स्वतः ती एक दिवसाआड घेत होती. चक्कर येईल नाहीतर काय!

इथे कुणाला कंद मिळो की मासा, घरटी वाटा जातो. आत्यानं गोळ्यांचाही घातला होता. मी भडकलेच. "अगं, ती गोळी हाय, मासा न्हाई!"

संध्याकाळी घरोघरी तब्येत बघणारी आशा कार्यकर्ती आली, गावचीच सुनंदा. मला वाटलं, आता ही सगळ्यांना फैलावर घेणार. भात कापून आलेली माणसं कोयते बाजूला ठेवून आत्याच्या खळ्यात बसली. सुनंदानं आधी पाचही म्हाताऱ्यांचं बीपी बघितलं. मग आत्याला शांतपणे म्हणाली, "अव्वा, एकेकाचं दुखणं येगळं, गोळी येगळी. गोळ्या वाटायच्या न्हाईत. त्या आणायच्या फेऱ्या वाटून घ्या."

झालं! पाच मिनिटांत कुठल्या आठवड्याला कुठलं घर जाणार, हे ठरलं. जीप नसेल तर चालत. वर असंही ठरलं, की रोज सकाळी पाचांनी इथे जमायचं आणि आपापली गोळी एकमेकांसमोर घ्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघंच आली. पाचवे, दामूकाका, नव्हते. मी विचारेपर्यंत दोन बायका त्यांच्या घराकडे निघाल्यासुद्धा. म्हातारा तापानं फणफणलेला. आणि मग जे बघितलं, ते सांगताना अजून काटा येतो. कापणी अर्धी टाकून चार गडी आले. लाकडी खुर्चीला दोन बांबू बांधले, काकांना बसवलं आणि जीपच्या रस्त्याकडे चालू लागले. पाठोपाठ सुनंदा, तिच्यामागे भाकरीचं गाठोडं घेतलेली शेजारीण. आरडाओरडा नाही, "कोण जाणार" हा प्रश्नसुद्धा नाही. मला हुंदका आवरेना.

"तू रडू नगंस, येतील ते," आत्या म्हणाली. तिसऱ्या दिवशी काका खरंच दवाखान्यातून परतले, अशक्त पण हसत. मी भरलेली पिशवी आत्यानं तोवर रिकामी केली होती. मी ती घडी घालून खुंटीला लावली.

घरी पोचले. नवऱ्यानं दार उघडून माझ्या मागे बघितलं.

"आत्या?"

"तिथंच हाय."

"अगं, एकटीला सोडून आलीस?"

"आपण दोघं सकाळी नवाला जातो, साताला येतो. तेवढ्यात ती इथं पडली, तर कुणाला कळेल सांग."

तो आतल्या खोलीतल्या नव्या खाटेकडे बघून म्हणाला, "शेजारच्या आजी हल्ली दिसल्या नाहीत गं."

चपला काढायच्या आधीच मी त्यांची बेल दाबली.