रिसायकल बिन तर रिकामी केली होती!

लोक माझ्या दुकानात फायली पुसायला येतात आणि जाताना किस्से ठेवून जातात. रत्नागिरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकून मला चौदा वर्षं झाली. गिऱ्हाइकांच्या डिस्का कोऱ्या करून दिल्या, पण माझं डोकं भरत चाललंय. नावं-गावं बदलून थोडं इथं ओतते.

सगळ्यांत एक गोष्ट सारखी. प्रत्येकाला कुणाचा तरी संशय असतो, आणि तो बहुधा माझ्यापासूनच सुरू होतो!

*

एक रिटायर्ड साहेब जुना कॉम्प्युटर घेऊन आले. "यातलं सगळं कायमचं नष्ट करा. माझ्या डोळ्यांदेखत."

मी म्हटलं, "पूर्ण डिस्कवर शून्यं लिहून देते, म्हणजे जुनं काहीच उरत नाही. चार-पाच तास लागतील."

"शून्यं नकोत. भोक पाडा!"

डिस्क बाहेर काढली, ड्रिल लावलं, आरपार चार भोकं पाडली. साहेबांनी चष्मा वर करून प्रत्येक भोकातून पलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुम्ही आधीच कॉपी केली नाहीत कशावरून?"

"तुम्ही इथंच बसला होतात ना, साहेब!"

"मधे एकदा शिंकलो होतो."

डिस्क ते रुमालात बांधून घेऊन गेले. पंधरा दिवसांनी नवा लॅपटॉप काखेत मारून धापा टाकत हजर. त्यात जुना ईमेल आणि पासवर्ड टाकल्याबरोबर सगळ्या फायली जशाच्या तशा परत! इतकी वर्षं त्या आपोआप इंटरनेटवरच्या खात्यात जमा होत होत्या, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी समजावून सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बोट रोखलं.

"म्हणजे कॉपी केली होतीत!"

*

एका शाळेतून फोन आला. "ताबडतोब या. सहामाहीचे पेपर गायब आहेत. घातपात आहे!"

गेले. हेडमास्तर खुर्चीत ताठ, समोर क्लार्क मोहितेबाई उभ्या, डोळ्यांत पाणी. त्यांना नोटीस द्यायची तयारी झालेली.

मी रिसायकल बिन उघडली. पेपर तिथंच होते, डिलीट केल्याच्या तारीख-वेळेसकट. मंगळवार, सकाळी अकरा दहा.

मोहितेबाई हळूच म्हणाल्या, "मंगळवारी मी रजेवर होते."

"आणि सर," मी म्हटलं, "हे लॉगिन तुमचं आहे."

"माझा पासवर्ड चोरलाय कुणीतरी!"

पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला होता. तो मी तरी वाचायचा टाळला. तेवढ्यात मोहितेबाई म्हणाल्या, "सर, सोमवारी तुम्हीच म्हणालात, स्क्रीनवर फार कचरा झालाय, उद्या साफ करतो."

मग सर म्हणाले, "मी टोपलीत टाकलं होतं. फेकलं कुठं होतं?"

*

देवरूखकडचे एक शाहीर आहेत. शक्ती-तुऱ्याचे सामने करतात. म्हणजे एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथं गाण्यातूनच उत्तर द्यायचं. एकदा रागानं लाल होऊन आले.

"ताई, काय हा प्रकार! समोरच्या शाहिरानं माझंच गाणं माझ्या तोंडावर म्हटलान! मी सवाल टाकायच्या आधीच उत्तर तयार!"

चौकशी केली. शाहिरांनी जुना लॅपटॉप विकला होता आणि तो फिरत फिरत त्या दुसऱ्या शाहिराच्या भाच्याकडे पोचला होता.

"पण मी सगळी गाणी डिलीट केलेली! रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली!"

मी सांगितलं, "शाहीर, डिलीट केलं की फाईल कुठं आहे ती नोंद तेवढी जाते. फाईल त्याच जागेवर असते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत कुणीही काढू शकतं."

शाहीर पाणीसुद्धा न घेता उठून गेले.

पुढच्या वर्षी दुसरा लॅपटॉप घेऊन आले. मी म्हटलं, "या वेळी शून्यं लिहून नीट पुसून देते."

"नको नको! नुसतं डिलीट करा. हा त्या भाच्यालाच विकायचाय." मग जवळ सरकून म्हणाले, "तीन महिने खपून खोटी गाणी लिहिलीत!"

*

शबानाभाभींचा नवरा मस्कतला. त्या एक मेमरी कार्ड घेऊन आल्या. नवरा सुट्टीवर आला तेव्हा कपाटात विसरून गेलेला.

"ताई, यातनं ह्यांनी फोटो पुसलेत. गेल्या साली दीड महिना व्हिडिओ कॉल घेतला नाही. नेट नाय म्हणायचे. कोण हाय ते मला बघायचंय."

मी म्हटलं, "भाभी, एकदा बघितलं की तुम्हाला ते पुसता येणार नाही."

"लाव."

फोटो एकेक करून वर येऊ लागले. पहिला हॉस्पिटलच्या पलंगाचा. मग प्लास्टरमधला पाय. मग कुबड्या. शेवटी गालफडं बसलेला नवरा, एकटाच, कॅमेऱ्यात बघून हसायची प्रॅक्टिस करतोय असे अकरा फोटो.

भाभींनी तिथूनच फोन लावला.

"पाय कसा हाय?"

पलीकडून आवाज आला, "कोण बोललं तुला?"

"बोलायला तुम्ही हवे होतात!" आणि भाभी ओढणीत तोंड घालून रडल्या.

*

पावसचे गुरुजी एकदा विचारत आले, "वर्षा, पुसलेलं परत येतं म्हणे?" दोन मुलगे, एकमेकांशी बोलत नव्हते. गुरुजींनी माझ्याकडून आपली डिस्क पूर्ण कोरी करून घेतली, विंडोज नवं टाकून घेतलं आणि कॉम्प्युटर घरी नेला. काय होतं त्यात, मी विचारलं नाही.

चार महिन्यांनी गुरुजी गेले.

बारावं झालं आणि थोरला आला. "बाबांनी काहीतरी लिहून ठेवलेलं. धाकट्यानं पुसलंय. काढून दे. त्याला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी धाकटा. "थोरल्यानं पुसलंय. त्याला सांगू नको."

मी दोघांना एकाच वेळी बोलावलं, कॉम्प्युटर घेऊन. दोघं माझ्या दोन बाजूंना बसले. मी सांगितलं, "गुरुजींनी स्वतः पुसून घेतलंय. माझ्यासमोर." दोघांचाही विश्वास बसेना.

म्हणून पुसलेल्या फायलींचा शोध सुरू केला. विंडोज सोडलं तर सगळीकडे शून्यं. फक्त एक फाईल, कोरं करून नेल्यानंतर लिहून पुसलेली. नाव होतं 'वर्षासाठी'.

उघडली. एकच ओळ.

"आधी कोण आला?"

दोघंही माझ्याकडे बघू लागले.