ज्याने पाटी उचलून दिली

दर वर्षी ईस्टरच्या आधी मी कुमसाराला जाते, म्हणजे पापांच्या कबुलीला. लाकडी जाळीपाशी गुडघे टेकते आणि सुनेवर ओरडले, तेर्स, म्हणजे संध्याकाळची जपमाळ, चुकवला, शेजारणीचं वाईट चिंतलं, असलं काहीबाही सांगून उठते. ही गोष्ट त्या जाळीतून एकदाही पलीकडे गेलेली नाही. नवऱ्यालाही सांगितली नाही. तो बिचारा ऐकल्यावाचूनच गेला. मग तुम्हालाच का सांगते? खोटं कशाला बोलू — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि मराठीत लिहिते तेही त्याचसाठी. माझी शाळा मराठी, पण आमच्या वाड्यावर देवाचं सगळं रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीत चालतं; आमच्यातलं कुणी मराठी वाचत बसणार नाही. बघा — कबुली द्यायला बसले, तरी आडोसा शोधूनच बसले.

आमचं गाव गोव्यातल्या पेडण्यात, पार्स्याच्या बाजूला. गाव सगळं हिंदूंचं, आमची ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, एकाच वाड्यावर. त्या घरांत माझा मान मोठा होता. वाड्याच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, लादिनीची प्रार्थना गायची असली की पहिला आवाज माझा. कुणाच्या घरी तेर्स असला की सुरुवात माझ्याच तोंडून. रोजूबाय आल्याशिवाय मेणबत्ती पेटायची नाही — असं लोक म्हणायचे, आणि मला ते ऐकायला फार आवडायचं.

तर त्या वर्षी नवे फादर आले होते. तरुण, उत्साही. ते म्हणाले, ईस्टर झालं म्हणजे सगळं झालं असं नाही. उठलेला येशू काही चर्चमध्ये दिसला नाही. कुणाला तो बागेतला माळी वाटला, कुणाला रस्त्यावरचा वाटसरू, कुणाला सकाळी पाण्याच्या कडेला मासे भाजताना दिसला. म्हणून आता पेंतेकोस्ताच्या सणापर्यंत, म्हणजे पुढचे सात आठवडे, दर शनिवारी संध्याकाळी एकेका घरी जमायचं, आणि या आठवड्यात तो तुम्हाला कुठे भेटला ते एकेकाने सांगायचं.

लोक सांगू लागले. कुणाचं भावाशी बंद पडलेलं बोलणं सुरू झालं होतं. कुणाला तापात पलीकडच्या गावकरांच्या सुनेने पेज आणून दिली होती. वाड्यावरच्या इनासने तर हरवलेली म्हैस आपणहून परत आली ते सांगितलं, आणि फादरनी त्यावरही मान डोलावली. मी मनात म्हटलं, घ्या, म्हशीतसुद्धा भेटला. मला मेलीला मात्र कुठे भेटत नाही. आणि माझी सांगायची पाळी जवळ येत होती. तुम्हाला हसू येईल, पण मला खरंच झोप लागेना. सगळ्यांना काही ना काही मिळालं आणि वाड्याच्या तेर्साची मुख्य बाई — तिच्याकडे काही नाही?

कार्मेलीनबायचं आत्ताच सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ही इनासची मोठी भावजय, विधवा. एकच मुलगा, साव्हियो. डिचोलीकडे खाणीवर टिपर चालवायचा. टिपर उलटला आणि तो गेला. तेव्हापासून तिने घराचं पुढचं दार उघडलं नव्हतं. ये-जा सगळी मागच्या दाराने. चर्च सोडलं, तेर्स सोडला. मी दोनदा समजवायला गेले तर म्हणाली, तुझ्या देवाला सांग, आधी माझा पोर कुठे आहे ते दाखव. शनिवारच्या बैठकीला ती आली ती केवळ माझं घर तिच्या घराला लागून म्हणून, आणि माझी सांगायची पाळी माझ्याच घरी होती म्हणून. दारापाशी बसली, उठून जायला सोपं पडेल अशी.

आणि मी बोलले. म्हणाले, काजूच्या डोंगरावर मी एकटीच बोंडू गोळा करत होते. पाटी भरली. भरलेली पाटी एकट्या बाईला डोक्यावर घेता येत नाही, दुसरं माणूस लागतं. मी म्हटलं, देवा, आता तूच ये. तर मागून कुणीतरी आलं. स्वच्छ पांढरे कपडे. बोललं नाही काही. पाटी उचलून माझ्या डोक्यावर ठेवली. तेव्हा मला हात दिसला — तळव्यात, मधोमध, खिळ्याची जखम. मी वळून पाहिलं तर डोंगरावर कुणीही नाही.

फादरनी चष्मा काढून डोळे पुसले. बायका रडल्या. इनासने क्रुसाची खूण केली. मी स्वतःही रडले हो — खोटं रडले असं नाही, खरंच रडू आलं. सांगता सांगता मलाच ते खरं वाटू लागलं होतं. माणूस असं का करतो? मला माहीत नाही. मला फक्त एवढं आठवतं की त्या संध्याकाळी मी फार सुखात होते.

प्रार्थनेनंतर सगळ्यांना उकडलेले चणे वाटत होते तेव्हा कार्मेलीनबाय जवळ आली. किती दिवसांनी तिने माझा हात धरला. विचारलं, कुठला हात गो? उजवा की डावा? मी म्हटलं, उजवा. कुठल्या झाडापाशी? मी झाड सांगितलं. ती म्हणाली, तो मेला, पुरला आणि परत उठून आपल्या डोंगरावर चालतो — तर मग माझा साव्हियोही नुसता मातीत नाही, रोजूबाय. कुठेतरी आहे. हो ना?

मी म्हटलं, हो तर.

दुसऱ्या दिवसापासून ती डोंगरावर जाऊ लागली. तिचा काजूचा पट्टाच नाही, तरी पाटी घेऊन जायची. माझ्या पट्ट्यातले बोंडू गोळा करायची, पाटी भरून त्या झाडापाशी बसायची, आणि ऊन चढलं की अर्धे बोंडू ओतून हलकी पाटी घेऊन खाली यायची. रोज मला विचारायची, आज तरी येईल का गो? उंच होता का? केस कसे होते? आणि मी सांगत गेले. एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं, दुसऱ्याला तिसरं. शहाणी बाई तिथेच थांबली असती, नाही का?

आता त्या सकाळी खरं काय झालं ते सांगते. माणूस होता. खराच होता. डोंगरापलीकडे नव्या हॉटेलाचं बांधकाम चालू होतं, तिथला कामगार, बेळगावकडचा. आडवाटेने माझ्या पट्ट्यातून चालला होता. अंगावर सिमेंटने माखलेला शर्ट, हाताला फडकं गुंडाळलेलं, त्यातून रक्त आलेलं — सळीने कापलं असेल. काजूच्या दिवसांत आम्हाला प्रत्येक अनोळखी माणूस बिया चोरायला आलेला वाटतो. मी ओरडले. थांब मेल्या, काय नेतोस? त्याला खिसे उलटे करायला लावले. पिशवी जमिनीवर ओतायला लावली. पिशवीत एक भाकरी होती आणि कागदात चटणी. भाकरी मातीत पडली. त्याने उचलली, फुंकली, परत पिशवीत ठेवली.

मग मी पाटी उचलायला गेले, आणि उचलेना. तो जाता जाता थांबला, मागे आला, आणि त्या फडकं बांधलेल्या हाताने पाटी उचलून माझ्या डोक्यावर ठेवली. मी त्याला बरं केलंस असंही म्हटलं नाही. मनात आलं ते असं — याचं रक्त माझ्या बोंडवांना लागलं तर?

एवढंच. यातून मी शिव्या काढल्या, भाकरी काढली, सिमेंट काढलं. माणूसच काढून टाकला आणि त्याला पांढरे कपडे घातले. पण अजूनपर्यंत जे सांगितलं ते पाप लहान आहे. ते मी कदाचित कुमसारात सांगूही शकले असते. पुढचं नाही.

कार्मेलीनबायला तो भेटला. एका सकाळी ती धावत आली, पदराने तोंड पुसत, आणि म्हणाली, आला गो आला. पाटी उचलून दिली. हाताला जखम आहे, उजव्याच. ती पुढे म्हणाली, नाव कल्लाप्पा. बेळगावकडचा. मला अक्का म्हणतो. मी बघतच राहिले तर ती हसली — साव्हियो गेल्यानंतर मी तिला तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. म्हणाली, मला वेड लागलेलं नाही. तो कामगार आहे हे मला दिसतं. पण फादर म्हणाले ना, तो माळ्यासारखाही येतो? मला कशाला त्याने पांढरे कपडे घालून यायला हवं? मी त्याला पेज वाढली, तर त्याने आधी थोडी बाजूला काढून पक्ष्यांना ठेवली. माझा पोर अगदी तसंच करायचा.

तेव्हापासून तो दुपारी तिच्याकडे जेवायला येऊ लागला. तिने त्याच्या जखमेला औषध लावलं, शर्ट धुऊन दिला. आणि तिने पुढचं दार उघडलं. बिजागऱ्या गंजलेल्या, इनासला तेल घालावं लागलं. मी माझ्या खिडकीतून सगळं बघत होते. एकच भीती — तो माझं नाव घेईल. त्या बाईने माझी पिशवी ओतायला लावली, असं एकदा म्हणेल आणि सगळं संपेल.

मग कार्मेलीनबायने फादरना सांगितलं, पुढचा शनिवार माझ्या घरी. तिने घर सारवलं, घरच्या आल्तारावर, म्हणजे देवाच्या वेदीवर, फुलं घातली, चणे उकडले, तांदळाची वाफवलेली सान्नां केली. आम्ही सगळे जमलो. प्रार्थना झाली. ती उभी राहिली आणि म्हणाली, या आठवड्यात मला तो भेटला, आणि तो इथे आहे. बाहेर बाल्कांवात, ओसरीवर, कल्लाप्पा उभा होता. धुतलेला शर्ट, केस पाणी लावून विंचरलेले. तिने त्याला हाताला धरून आत आणलं.

मग इनास म्हणाला, वयनी, हा तर बांधकामावरचा माणूस. कुणीतरी हसलं. फादर गोंधळून बघत राहिले. कार्मेलीनबाय डगमगली नाही. म्हणाली, मला नका विचारू, रोजूबायला विचारा. तिने त्याला आधी पाहिलं. आणि तिने त्याचा उजवा हात उघडून माझ्यापुढे धरला. तळव्यात आडवा ओला व्रण होता.

सगळे माझ्याकडे बघत होते. तोही. त्याने मला ओळखलं — लगेच ओळखलं. मी वाट पाहत होते तो बोलेल म्हणून. तो बोलला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला, रागही नव्हता त्या बघण्यात.

मी म्हटलं, हा? नाही गो. या माणसाला मी कधीच पाहिलेलं नाही.

येशूला पकडलं त्या रात्री त्याच्या शिष्याने, पेद्रूने, त्याची ओळख नाकारली तेव्हा त्याच्या जिवाला धोका होता, असं आम्हाला शिकवतात. मला कोण मारणार होतं? कुणी शिवीसुद्धा दिली नसती. चार माणसं हसली असती, फादर थोडे खट्टू झाले असते, पुढच्या तेर्साला दुसऱ्या कुणी सुरुवात केली असती. एवढ्यासाठी.

कार्मेलीनबाय माझ्याकडे बघत म्हणाली, नीट बघ ना गो. मी परत बघितलं, आणि परत नाही म्हणून मान हलवली. कल्लाप्पाने आपला हात तिच्या हातातून हळूच सोडवून घेतला. अक्का, येतो मी, म्हणाला. ती सान्नांचं ताट घेऊन त्याच्या मागे दारापर्यंत गेली. त्याने घेतलं नाही. चपला पायात न घालता हातात घेऊनच उतरला.

मग जे व्हायचं ते झालं. एकटी विधवा आणि परका पुरुष — लोकांना आणखी काय हवं असतं? इनासने बांधकामाच्या मुकादमाला सांगून त्याला तिथून हलवलं. कुठे पाठवलं, मी विचारलं नाही. तिचं पुढचं दार पुन्हा बंद झालं ते आजतागायत. डोंगरावर ती परत गेली नाही. फादर बदलून गेले. गेल्यावर माझी गोष्ट त्यांनी दुसऱ्या गावांतही सांगितल्याचं कळलं. दर ईस्टरनंतर मला बोलावतात — कधी या वाड्यावर, कधी त्या. मी जाते. सांगते. यंदाही सांगितली. आता ती इतकी घोटलेली आहे की कुठे थांबायचं, कुठे आवाज पडू द्यायचा, सगळं जीभ आपणच करते.

यंदा कार्मेलीनबाय मागे बसून ऐकत होती. ती पुन्हा चर्चला येते; बाकीचे म्हणतात, ही रोजूबायच्या साक्षीची कृपा. संपल्यावर ती पायऱ्यांवर माझ्यासाठी थांबली. फार थकली आहे आता. म्हणाली, मी कुमसारात सांगून टाकलं गो, भलत्याच माणसाला देव समजले म्हणून. आताचे फादर म्हणाले, विसरून जा. पण एक सांग, तुला तो खरा दिसला. मी इतके दिवस जाऊन बसले, मला का नाही दिसला? माझ्यात काय उणं होतं?

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, त्याची इच्छा, बाय.

तिने पटल्यासारखी मान डोलावली. मी घरी आले, माशाचं हुमण गरम केलं आणि पोटभर जेवले.