आईनं आधी सोडलेलं घर

हातकणंगले स्टेशनवर मला पोचवायला अण्णा आणि आई दोघंही आले होते. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात मला नर्सची नोकरी लागली होती. मुंबईपर्यंत रेल्वेनं आणि पुढं विमानानं जायचं होतं. अण्णांचं सगळं आयुष्य आमच्या गावी, कबनूरला, यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळं त्यांना कमी ऐकू यायचं आणि ते सगळ्यांशीच ओरडून बोलायचे. "पासपोर्ट वरच्या कप्प्यात ठेव! पोचल्यावर फोन कर!" पोरगी परदेशी निघालीय हे सगळ्या फलाटाला कळलं. आई कांदालसणाच्या चटणीचा पुडा माझ्या बॅगेत आणखी खाली कोंबत होती. गाडी हलल्यावर अण्णा खिडकीबरोबर चालत आले. आई होती तिथंच उभी राहिली.

उत्तर इंग्लंडातल्या त्या गावात मला थंडीपेक्षा शांततेचा जास्त त्रास झाला. कबनूरात सगळं शांत झालं की लाइट गेली एवढाच त्याचा अर्थ. इथं दुहेरी काचेच्या खिडक्या, भिंतीला हीटर, आणि ड्यूटीवरून आल्यावर फ्रिजची घरघर तेवढी. सुरुवातीला मी मोबाइलवर घरी फोन लावायची आणि अण्णांना म्हणायची, फोन जरा मागाजवळ न्या. त्यांना वाटायचं, मी चेष्टा करतेय.

आमच्या वॉर्डात मार्गारेट नावाच्या आजी दाखल होत्या. त्या गावात पूर्वी कापडगिरण्या होत्या आणि त्यांनी तरुणपणी तिथं माग चालवले होते. बऱ्या होऊन घरी जाताना त्यांनी मला शनिवारी लायब्ररीत बोलावलं. तिथं काही म्हातारी माणसं आपापल्या आठवणी लिहून आणतात आणि एकमेकांना वाचून दाखवतात. त्या दिवशी आजींनी वाचलं, की गिरणी बंद पडल्यावर कितीतरी महिने त्यांच्या कानांत माग चालूच होते, आणि एक दिवस ते थांबले तेव्हा त्या स्वयंपाकघरात बसून रडल्या. मला डोळे पुसावे लागले. हा आवाज इथं कुणाला ठाऊक असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

पुढच्या वेळी तू लिहून आण, असं त्या म्हणाल्या. मी आधी इंग्रजीत लिहिलं, तर ते पेशंटच्या रिपोर्टसारखं झालं. मग मराठीत लिहायला बसले, आणि हात थांबेना. लिहिता लिहिता ध्यानात आलं, की मला सोडायला आले त्या दिवशी अण्णांनी माग बंद ठेवले होते. सणालाही अर्धा दिवस चालणारे माग. तेव्हा मी ते पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ मला लिहितानाच लागला.

ते सगळं मी व्हिडिओ कॉलवर घरी वाचून दाखवलं. अण्णांना ऐकू जावं म्हणून आई एकेक वाक्य त्यांच्या कानाशी मोठ्यानं पुन्हा म्हणत होती. अण्णा हसले, मग चष्मा काढून बसले. दुसऱ्या दिवशी अण्णा बाहेर गेल्यावर आईनं फोन केला.

"चांगलं लिवलंयस," ती म्हणाली. "पर त्यात मी कुठं हाय? चटणी बांधून देणारी बाई तेवढी दिसती." मग म्हणाली, "घर सुटलं, घर सुटलं म्हणतीस. मी बी सोडूनच आलीया की."

आईचं माहेर शाहूवाडीकडं, डोंगरातल्या एका वाडीत, एवढंच मला माहीत होतं. आजी-आजोबा गेल्यावर मामानं तिथलं सगळं विकलं आणि तिचं जाणं थांबलं. मी खोदून विचारलं, तर त्यात काय हाय लिवण्यासारखं म्हणून तिनं फोन ठेवला. पण दुसऱ्या दिवशी तिचा व्हॉइस मेसेज आला, आणि मग येतच राहिले. कामाला जाताना बसमध्ये मी ते ऐकायची. लग्न होऊन कबनूरला आली तेव्हा मागांच्या आवाजात तिला सासूचं बोलणंच समजायचं नाही, म्हणून घरात तिला येडी ठरवलं होतं. वाडीत ओढ्याचा आवाज होता, बेडकांचा होता. इथं झोपच लागायची नाही. मागासाठी सुताच्या कांड्या भरून झाल्या की ती गल्लीच्या टोकाला जाऊन उभी राहायची. तिथं ऊस दिसायचा, माहेरच्यासारखं भाताचं शेत कुठंच नाही. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायला ओरडावं लागलं असतं. बसच्या काचेला डोकं टेकून ऐकताना मला वाटायचं, हे माझेच पहिले महिने आहेत, फक्त आईची मराठी माझ्याहून चांगली.

गेल्या वर्षी सुट्टी काढून घरी गेले ती भाताच्या रोपलावणीच्या दिवसांत, आणि आईला घेऊन एसटीनं तिच्या वाडीला गेले. तिचं घर होतं तिथं स्लॅबचं नवं घर उभं होतं. दारात उभ्या असलेल्या त्या घरच्या सुनेनं विचारलं, "कोण पावणं? कुणाकडं आलासा?"

नाव सांगावं असं तिथं आईचं कुणी उरलंच नव्हतं. मी काही बोलणार, तेवढ्यात शेजारच्या घराच्या सोप्यात बसलेली एक म्हातारी डोळ्यांवर हात धरून आईकडं बघत म्हणाली, "पावणं कशाचं. हौसा हाय ती."

लग्नात आईचं नाव बदलून सुमन ठेवलं होतं. तिला हौसा म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आई त्या म्हातारीजवळ पायरीवर बसली आणि हळू आवाजात बोलू लागली. आईला इतक्या हळू बोलता येतं हेही मला माहीत नव्हतं. दुपारची गाडी निघून गेली तरी दोघी बोलतच होत्या. मी लांब बांधावर बसून राहिले.

परत येताना कोल्हापूरपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. स्टँडवर उतरल्यावर म्हणाली, "आता लिव. पर सुमन म्हणून लिवू नगंस."

आता मी इथं लायब्ररीत शनिवारी हौसाची गोष्ट इंग्रजीत करून वाचते. हे वाचणाऱ्या तुमच्यातले जे निघून आले आणि जे मागं राहिले, त्या दोघांना एवढंच सांगते: घर म्हणजे मी सोडून आलेली जागा, असं मला वाटायचं. आता वाटतं, जिथं आपल्याला कुणी पावणं म्हणत नाही तेवढंच घर. आणि ते एका म्हातारीच्या आठवणीएवढं लहानही असू शकतं. वाडीतल्या त्या म्हातारीचं वय झालंय. म्हणून घाईनं लिहिते आहे.