पाटोळ्यांची मान

रामेश्वर पाटोळे सहा फुटांहून उंच होते आणि दारातून आत येताना त्यांना जरा तिरकं व्हावं लागायचं, इतके रुंद. आणि ते भित्रे होते. ही दुसरी गोष्ट कुणाला खरी वाटायची नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये जराशी थबकली तरी त्यांच्या कपाळाला घाम यायचा. साइटवर शिडी चढण्याआधी ते ती हलवून बघायचे, मग दुसऱ्या कुणाला तरी हलवून बघायला सांगायचे. सकाळी धुकं असलं की संजनाला, म्हणजे त्यांच्या बायकोला, फोन करून लेकीला, शुभ्राला, स्कूलबसने पाठवू नकोस म्हणायचे. वाळवा तालुक्यातल्या त्यांच्या गावात मात्र त्यांना कबड्डीतला गडी म्हणून ओळखत. मी एकदा विचारलं, "तेव्हा नाही का भीती वाटायची?"

"वाटायची की ओ, मुग्धाताई. भीतीपायीच तर एकदा धरलेला पाय सोडायचो नाही मी."

आमचं ऑफिस दुबईत, अल क्वोजमध्ये, एका वेअरहाऊसच्या माडीवर होतं. खाली सुतारकाम चालायचं, वर आम्ही. हॉटेलं आणि टॉवरच्या लॉब्या आतून सजवून द्यायचं कंपनीचं काम. पाटोळे साइटवर जाऊन मापं घ्यायचे, मी ड्रॉइंगं सांभाळायचे. दोन हजार आठची दिवाळी झाली आणि कामं थांबायला लागली. आधी एक टॉवर 'होल्ड'वर गेला, मग त्याच्या शेजारचा. खालच्या करवतींचा आवाज दुपारीच बंद पडू लागला. तो आवाज नको वाटायचा आम्हाला इतकी वर्षं, आणि आता तो थांबला की सगळे मान वर करून एकमेकांकडे बघायचे.

जनरल मॅनेजर होते एमलिन साहेब, वेल्सचे. त्यांची केबिन काचेची होती. तिचे पडदे खाली आले की कुणाची तरी पाळी आली हे कळायचं. आत गेलेला माणूस बाहेर येऊन आपल्या टेबलाकडे जायचा नाही, सरळ बाथरूममध्ये जायचा. नोकरी गेली की व्हिसा जायचा, व्हिसा गेला की घर, मुलांची शाळा, सगळं महिन्याभरात आवरायचं. त्यामुळे पडदे हलले की आम्ही स्क्रीनकडे बघत बसायचो, काही न वाचता.

एमलिन साहेबांचा जीव दोन गोष्टींत होता, ऑफिस आणि रग्बी. सिलिकॉन ओएसिस नावाच्या वसाहतीच्या पुढे, वाळूत हिरवळ राखलेलं एक मैदान होतं. तिथल्या क्लबच्या दुसऱ्या टीमची निवड तेच करायचे. दर शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, मॅच. पूर्वी ऑफिसमधलं कुणी तिकडे फिरकायचं नाही. त्या हिवाळ्यात मात्र आमची गर्दी वाढत गेली. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. साहेबांनी आपल्याला तिथे टाळ्या वाजवताना बघावं, एवढंच. मीही जायचे, पाटोळे संजनाला आणि शुभ्राला घेऊन यायचे. चेंडू पुढे फेकला की चूक, मागे फेकला की बरोबर, इतपत आम्ही शिकलो होतो.

तिथले खरे चाहते वेगळे. मैदानाच्या कडेला लाकडी बाकांवर बसून ते मॅचपेक्षा जास्त वाद घालायचे. त्यांत अजीजभाई होते, श्रीलंकेतल्या कँडीचे, एका विमा कंपनीत अधिकारी. शाळेपासून रग्बी खेळलेले, आवाज हळू, पण मत पक्कं. त्या सीझनला वाद एकच होता: माणसं आहेत कुठे? क्लबचे खेळाडू म्हणजे बँकांतले, बांधकाम कंपन्यांतले लोक. गुरुवारी प्रॅक्टिसला आलेला माणूस शुक्रवारी जोहान्सबर्गच्या विमानात असायचा.

"पहिल्या टीमसाठी माणसं वर उचललीत, तर दुसरीत राहतो कोण?" एक जण म्हणायचा.

"बेंच बघा की. दोन शाळामास्तर आणि एक दातांचा डॉक्टर."

"यालाच का तुम्ही राखीव माणसांची डेप्थ म्हणता?"

"डेप्थ खलास झाली, हबीबी. आता उरलेत त्यांतून निवडा."

ऑफिसातही आम्ही दबक्या आवाजात हेच बोलत होतो. कोण गेला तर चालेल, कोणावाचून अडेल.

जानेवारीत दुसऱ्या टीमचा प्रॉप देश सोडून गेला. प्रॉप म्हणजे स्क्रममध्ये पुढच्या ओळीत कडेला असणारा. दोन्हीकडची आठ-आठ माणसं वाकून एकमेकांत डोकी अडकवतात आणि रेटतात, तो स्क्रम. सगळा भार पुढच्या ओळीतल्या तिघांच्या मानेवर येतो. म्हणून त्या तिघांनी ते शिकलेलं असलं पाहिजे असा नियम आहे. शिकलेली माणसं नसतील तर स्क्रम नुसता दाखवायचा, रेटायचा नाही. त्यात क्लबचे गुण जात, आणि अब्रूही.

त्या शुक्रवारी मॅचनंतर पाटोळे बटाट्याच्या चिप्सची प्लेट घेऊन उभे होते. एमलिन साहेबांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, जणू पहिल्यांदाच.

"रामेश, तू कधी काही खेळला आहेस?"

"कबड्डी, सर."

बाकावरचं कुणीतरी म्हणालं की कबड्डी म्हणजे चेंडूशिवायची रग्बीच. सगळे हसले. आणि मग वाद सुरू झाला, पाटोळ्यांच्या समोर, पाटोळ्यांविषयी.

"बांधा बघा त्याचा. घरासारखा आहे."

"फ्रंट रोला नुसता बांधा पुरत नाही," अजीजभाई म्हणाले. "मान तयार व्हायला एक सीझन जातो. याला तिथे घालू नका."

"दुसरा कोण आहे, सांगा."

"कुणी नसेल तर नसेल. स्क्रम रेटू नका."

"म्हणजे न खेळताच हरायचं?"

पाटोळे चिप्सची प्लेट दोन्ही हातांनी धरून उभे होते. ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो जणू दुसराच कुणी होता. शेवटी अजीजभाई त्यांच्याकडे वळले. "तुम्हाला खेळायचंय का?"

पाटोळ्यांनी अजीजभाईंकडे पाहिलंच नाही. ते एमलिन साहेबांकडे बघत म्हणाले, "येस सर."

घरी जाताना पाटोळे गाडी चालवत होते. मी त्यांच्याच गाडीत होते. मागच्या सीटवरून शुभ्राने विचारलं, "पप्पा, आर यू स्केअर्ड?"

"नाही गं," ते म्हणाले. सिग्नल हिरवा झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही. मागच्याने हॉर्न दिला.

प्रॅक्टिस सुरू झाली. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांना मान वळवता येईना. ऑफिसात कुणी हाक मारली की खुर्चीसकट फिरायचे, आणि साहेब आसपास असले की दुखणं लपवण्यासाठी उगाच मान हलवून दाखवायचे. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. एका संध्याकाळी संजना माझ्याकडे आली. चपला काढायच्या आधीच बोलू लागली.

"तुम्ही सांगून बघा ओ ताई. रोज तेल लावून चोळते मी. झोपेत कण्हतात. खेळू नका म्हटलं तर म्हणतात, पडदे खाली आलेले तू बघितले नाहीस."

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी मी विषय काढला. "पाटोळे, तुम्ही नाही म्हणून सांगा. माणूस कामावर ठेवायचा की नाही हे काय रग्बीवर ठरतं?"

"कशावर ठरतं मग?" त्यांनी विचारलं.

त्याच आठवड्यात आमच्यातल्या सगळ्यात हुशार इंजिनिअरची नोकरी गेली होती.

मॅच पूर्व किनाऱ्यावरच्या फुजैराला होती, फेब्रुवारीत. तिथल्या बंदरावर आणि तेलाच्या टाक्यांवर काम करणाऱ्यांची टीम. आम्ही डोंगर ओलांडून गेलो. काळे, उघडे डोंगर, वळणावळणाचा रस्ता. संजनाने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. त्या शिदोरीला कुणी हात लावला नाही. अजीजभाई आले होते, बाकीच्यांपासून जरा लांब उभे होते.

मॅचआधी रेफरी दोन्हीकडच्या पुढच्या ओळीतल्या सहाही जणांजवळ आला. प्रत्येकाला त्याने एकच विचारलं: तुम्ही या जागेसाठी शिकलेले आहात का? पाटोळ्यांची पाळी आली. आम्हाला काही ऐकू आलं नाही. त्यांनी मान हलवायचा प्रयत्न केला, ती हलली नाही, मग तोंडाने काहीतरी म्हणाले. रेफरी पुढे गेला.

पहिला स्क्रम ठीक गेला. साहेबांनी मुठी आवळून वर केल्या. आमच्या ऑफिसच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या स्क्रमला दोन्ही ओळी एकमेकांवर आदळल्या, तेव्हा पाट्यावर मोठा वरवंटा टाकावा तसा आवाज आला. संजनाने माझं मनगट धरलं. तिची नखं रुतत होती, तिला कळत नव्हतं.

तिसरा स्क्रम कोसळला. कसा ते मला सांगता येणार नाही. एकदम सगळे खाली गेले, शिट्टी वाजली, एकेक जण उठत गेला. पाटोळे उठले नाहीत.

ते पालथे पडले होते, तोंड एका बाजूला. डोळे उघडे होते. फुजैराच्या टीममधला त्यांच्या समोरचा धिप्पाड माणूस गुडघ्यावर बसून "त्याला हलवू नका, कुणी हलवू नका" असं सारखं म्हणत होता. संजना मैदानात पळत गेली, तिला कुणी अडवलं नाही. मी शुभ्राचं तोंड माझ्या पोटाशी धरून ठेवलं. मग आम्ही दोघीही संजनाच्या मागे गेलो.

"हात कुठायत माझे?" पाटोळे म्हणाले. संजनाने त्यांचा हात हातात घेतला होता. त्यांना ते कळत नव्हतं.

अँब्युलन्स यायला वेळ लागला. समुद्राकडून वारा येत होता आणि कडेचे झेंडे फडफडत होते.

हॉस्पिटलात संध्याकाळपर्यंत बोटांत मुंग्या यायला लागल्या, मग दंड हलले. डॉक्टर म्हणाले, मणका वाचला, नस दबली होती, नशीब म्हणा. मानेला पट्टा घालून त्यांना उताणं झोपवलं होतं. मी आणि संजना बाजूला बसलो होतो तेव्हा एमलिन साहेब आले. त्यांच्या बुटांना अजून माती होती. ते पलंगाची कड धरून उभे राहिले.

"तू शूर आहेस, रामेश," ते म्हणाले. "बरा हो. पुढच्या सीझनला तुला नीट शिकवू."

पाटोळे छताकडे बघत होते. मान वळवता येत नव्हती म्हणून असेल, पण त्यांना बोलणं सोपं गेलं.

"नो सर," ते म्हणाले. "मी नाही खेळणार. मला भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटत होती."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही माझे मॅनेजर आहात, सर."

साहेब खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा लाल असायचा, तो राखेसारखा झाला. नंतर त्यांनी हळू आवाजात जे सांगितलं ते मला अजून शब्दशः आठवतं. "त्या केबिनमध्ये मी कुणालाच निवडत नाही. नावं हेड ऑफिसातून येतात. मी फक्त पडदे खाली करतो." मग ते उठले, संजनाला 'सॉरी' म्हणाले आणि निघून गेले.

पाटोळे पट्टा घालून ऑफिसात येऊ लागले. रोज वाटायचं, आज बोलावणार. एप्रिलमध्ये बोलावणं आलं ते साहेबांनाच. पडदे उघडेच होते, ते आपलं सामान खोक्यात भरत होते आणि आम्ही सगळे बघत होतो. जाताना ते पाटोळ्यांच्या टेबलापाशी थांबले, हात पुढे केला. पाटोळे उभे राहिले आणि त्यांनी तो घेतला. जूनमध्ये ऑफिसच बंद झालं. मी, पाटोळे, सगळेच एका दिवसात रस्त्यावर. मी पुण्याला परत आले.

संजना आणि शुभ्रा गावी गेल्या. पाटोळे चार जणांच्या खोलीत राहून काम शोधत राहिले. अजीजभाईंनी फुजैराच्या एका तेलाच्या टर्मिनलवर त्यांच्यासाठी शब्द टाकला. टाक्यांची मापं घ्यायला माणूस हवा होता. व्हिसाची मुदत संपता संपता त्यांना ती नोकरी मिळाली. पुढच्या वर्षी बायको-मुलगीही आल्या.

दोन हजार बाराच्या थंडीत मी दुबईला गेले होते, तेव्हा फुजैराला त्यांच्याकडे जाऊन आले. मान अजून पूर्ण वळत नाही. कुणाशी बोलायचं झालं की सगळं अंग वळवतात. चहा पिताना मी विचारलं की त्या दिवशी मैदानात पडल्या पडल्या मनात काय आलं होतं.

"मेडिकल कार्ड," ते म्हणाले. "हात नाहीत हे कळलं, आणि पहिला विचार हा, की कंपनीने विम्याचं ते कार्ड चालू ठेवलंय की बंद केलंय. पोरगी समोर उभी होती, तिचा विचार नंतर आला. त्याची भीती जास्त वाटते आता मला."

संजना म्हणाली, "आता काय, सगळ्यांना सांगत सुटतात. टाकीवर चढायचं असलं की साहेबाला सांगतात, मला भीती वाटते, दुसरा दोर द्या. देतात बिचारे."

नंतर आम्ही समुद्रावर गेलो. लांबवर जहाजं तेलासाठी थांबलेली होती. शुभ्रा आता उंच झाली होती, ती पाण्यात धावली. लाटा घोट्याएवढ्या होत्या. पाटोळे पँट न दुमडता गुडघाभर पाण्यात शिरले आणि तिथल्या सगळ्या लोकांसमोर, हात वर करून, तिला मागे ये, मागे ये म्हणत राहिले.

"पप्पा, इट्स शॅलो," ती म्हणाली.

"असू दे," ते म्हणाले. "ये तू."