आंबिवलीला पुरावा घेऊन

सकाळी आठला नौपाड्यातून गाडी बाहेर काढली, तेव्हा मागच्या काचेवर ‘रनिंग-इन’ लिहिलेला पुठ्ठा होता. (इंजिन नव्यानं बांधलं की सुरुवातीला गाडी जपून, हळू चालवायची असते, मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव खाऊ नये म्हणून हा पुठ्ठा.) शेजारी माझी बायको शैला होती आणि माझ्या पिशवीत एक लिफाफा होता. लिफाफ्यात पुरावा होता.

आरोपी जगन्नाथ. कोपरीच्या कोळीवाड्यातला, खाडीकडच्या बाजूला त्याचं गॅरेज. माझ्या जुन्या फियाटचे सिलिंडर त्यानं बोअर करून, म्हणजे आतून कातून गुळगुळीत करून आणले, नवे पिस्टन आणि रिंगा घातल्या, आणि किल्ली देताना म्हणाला, “सर, चाळीसच्या वर नेऊ नका. आनी बॉनेट उघडून काय करू नका. काय वाटलं तर मना सांगा.”

बॉनेट उघडू नका! मी शाळेत शिकवतो, वीस वर्षं परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून उभा राहिलोय. ‘बाकाखाली बघू नका’ असं कुणी म्हटलं की मी आधी तिथंच वाकतो.

दोन महिन्यांत गाडी निळा धूर सोडायला लागली, तेलही पिऊ लागली. जुन्याच रिंगा घालून नव्या म्हणून सांगितल्या, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. आमच्या सोसायटीतल्या चार गाड्या जगन्नाथकडे जायच्या. चौघांनाही मी सांगून टाकलं, तो फसवतो. चौघांनी लगेच ऐकलं. आता फक्त सिद्ध करायचं राहिलं होतं, आणि त्यासाठी आंबिवलीला कांबळेमामा होते. कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, इंजिनाची नाडी बघण्यात पटाईत.

कळव्याचा पूल ओलांडून मुंब्र्याला आलो. डोंगर सकाळच्या उन्हात तांबूस दिसत होता, असं शैला म्हणाली. मी आरशात धूर बघत होतो. एक ट्रक आम्हाला मागे टाकताना त्यातला क्लीनर बाहेर वाकून ओरडला, “काका, धक्का मारू काय?” मी त्याच्या ट्रकचा नंबर लिहून घ्यायला सांगितलं. शैलानं लिहिला नाही.

पुढे शिळफाट्यापर्यंत खडीची क्रशर. रस्त्याकडेची झाडं पिठात घोळल्यासारखी पांढरी, काचा वर केल्या तरी दाताखाली कचकच. मोकळा रस्ता म्हणून गेले दोन महिने दर रविवारी मी गाडी इथंच फिरवत होतो. फाट्यावर चहाला थांबलो आणि इंजिनातलं तेल मोजायची पट्टी काढून बघताना बोट भाजून घेतलं.

“तेल खाते काय गाडी?” चहावाल्यानं विचारलं.

“खाणारच. मेकॅनिक चोर आहे. कोपरीचा जगन्नाथ.”

“बरं झालं सांगितलंत, शेठ. आमच्या भावाचा टेम्पो तिकडंच जातो.”

“अहो, आता चहावाल्यालाही?” शैला पुटपुटली. मला उलट समाजकार्य केल्यासारखं वाटलं.

डोंबिवलीत तिच्या हट्टानं साबुदाणावडे खाल्ले. वडे गरम होते, चटणी झकास होती, मी गाडीकडे तोंड करून खाल्ले. मग कल्याण, शहाड करत अकराच्या सुमारास आंबिवली.

कांबळेमामा पांढरा सदरा घालून अंगणातच बसले होते. माझी फिर्याद त्यांनी मधेच थांबवली. “गाडीला बोलू द्या.” चारही प्लग काढले, तेलानं ओले. एकेका भोकात दाब मोजायचं गेज धरलं, शैलानं स्टार्टर मारला. चारही सिलिंडरचा दाब कमी. मग प्रत्येकात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं, तर दाब वर चढला.

“म्हणजे व्हॉल्व्ह ठीक आहेत,” मामा म्हणाले. “रिंगा आणि सिलिंडर झिजलेत.”

“जुन्या रिंगा!” मी जवळजवळ टाळी वाजवली आणि लिफाफा पुढे केला. “हा बघा पुरावा. गाडी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी एअर फिल्टरचं झाकण उघडून बघितलं. आत ही जुनी रबरी रिंग सापडली. नवी म्हणून सांगून जुना माल.”

मामांनी रिंग हातात घेतली. फिल्टरचं झाकण काढलं, कार्ब्युरेटरच्या तोंडात बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यासमोर धरलं. राखाडी, खरखरीत भुकटी. शिळफाट्याची.

“सर, ही रिंग झाकणाखाली बसते. धूळ आत जाऊ नये म्हणून. जुनी असली तरी चांगली होती. ही काढून तुम्ही इंजिनाला दोन महिने दगडाचं पीठ चारलंत. चारही सिलिंडर सारखेच गेलेत, बघा. मेकॅनिकचा काय दोष?”

शैला माझ्याकडे बघत नव्हती, हे तिचे उपकार. मामींनी भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

परतताना भिवंडीचा रस्ता धरला. चहावाल्यासमोरून जायची हिंमत नव्हती.

चारच्या सुमारास कोपरीला पोचलो. गॅरेजमध्ये एकही गाडी नव्हती. जगन्नाथ पान्हे पुसून पुन्हा त्याच जागी ठेवत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, लिफाफ्यासकट. तो रागावेल असं वाटलं होतं, त्यानं रिंग फडक्यानं पुसून माझ्या हातात परत दिली.

“तुमची गाडी मी परत खोलीन, सर. मजुरी नको, फक्त सामान आना. पन तुमी चार घरांत जे बोललाव, ते मी कसं दुरुस्त करू?”

“ते मी करतो,” मी म्हणालो.

त्या संध्याकाळचा प्रवास दिवसभराच्या प्रवासापेक्षा अवघड होता, आणि तो आमच्याच जिन्यातला. चौघांपैकी पहिल्या मजल्यावरच्या दामल्यांकडे आधी गेलो. चूक माझी, रिंग मी काढली, जगन्नाथचं काम चोख आहे, सगळं कबूल केलं. दामल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, दार थोडं लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “सर, आपल्यातच राहील, पण खरं सांगा. तो तुमचं काम फुकट करून देतोय ना?”

फुकट करून देणार होताच.

त्यांच्या चेहऱ्यावरचं ते हसू माझ्या ओळखीचं होतं. वीस वर्षं परीक्षेत मुलांच्या सबबी ऐकताना मी असाच हसत आलो होतो. मी नमस्कार केला आणि दुसऱ्या मजल्यावर जाऊन घंटी वाजवली.