पुठ्ठ्याचं एल ताहिन

सिंगापूरमधल्या सेम्बावांगचे शशिकांत आंगणे जन्मभर मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होते. "जग फिरले, पण पाहिलं काय? इंजिन रूम," असं त्यांच्या पत्नी गिरिजावहिनी पाहुण्यांना हमखास सांगत. वास्तविक मेक्सिकोत एकदा सुट्टी मिळाली, तेव्हा शशिकांतांनी एल ताहिन पाहिलं होतं. प्राचीन देवस्थानाचे ते अवशेष, आणि मधोमध कोनाड्यांनी भरलेला पायऱ्यांचा पिरॅमिड. ते कुणाला खरंच वाटेना. म्हणून यंदा गणपतीचं मखर त्यांनी तसंच केलं, पुठ्ठ्याचं.

"तिथे माणसं बळी द्यायचे ना?" वहिनींनी विचारलं.

"हल्ली नुसतं तिकीट घेतात."

"बरं. मूर्तीच्या आधी नारळ ठेवून बघा."

नारळ ठेवताच वरचे मजले खाली बसले.

"कोलॅप्स ऑलरेडी लाह, आजोबा," नात इरा म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. वहिनींनी घाईने मूर्ती पुढे पाटावर मांडली. आत आलेले पाहुणे त्या ढिगाऱ्याकडे बघतच राहिले.

"मेक्सिकोचं जुनं देऊळ आहे," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "यांनी प्रत्यक्ष पाहिलंय. तेव्हाही ते असंच पडकं होतं."